वगळलेली चाचणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डेस्कवरच्या सहकाऱ्यांना नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या वंदनाला तर नाहीच. सुरुवात मात्र आनंदाच्या बातमीनं करतो — कारण ती खरी आहे.

मी बांधलेलं एक पॅकेज आज कुठकुठल्या संगणकांवर चालतं आहे. एक आज्ञा टाइप करायची. त्यातली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, उतरते, जागेवर बसते, कामाला लागते. तिचं काम सांगायला सोपं आहे. संगणकाला साइटचं नाव पुरत नाही, आकड्यांतला पत्ता लागतो, आणि तो डीएनएस सर्व्हरला विचारावा लागतो. साधा प्रोग्रॅम विचारतो आणि उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. ही लायब्ररी बसत नाही. शंभर नावं एकदम विचारते, उत्तरं येतील तशी घेते. आणि पहिला सर्व्हर गप्प राहिला, तर थोडं थांबून दुसऱ्याला विचारते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी इचोड्यासारख्या लहान गावात राहतो, एका मराठी दैनिकाचा डेस्क सांभाळतो. पानं लावणारा सर्व्हर बिघडला की दुरुस्त करायला कुणी नसे, म्हणून लिनक्स शिकलो, आणि पुढे लिनक्सच्या एका मुक्त वितरणासाठी, म्हणजे हजारो प्रोग्रॅम एकत्र करून फुकट वाटणाऱ्या प्रकल्पासाठी, पॅकेजं बांधू लागलो. लायब्ररी लिहिली दुसऱ्यांनी. तिला वितरणाच्या नियमांत बसवणं माझं काम. त्यातले दोन नियम इथे लागतात. लायब्ररीच्या पोटात दुसऱ्या लायब्ररीची प्रत असेल तर ती काढायची आणि वितरणातली जोडायची. आणि पॅकेज तयार होताना लायब्ररीच्या चाचण्या आपोआप चालतात, पण ते जिथे तयार होतं त्या यंत्राला इंटरनेट नसतं. म्हणून ज्या चाचण्यांना ते लागतं त्या वगळायच्या, शेजारी कारण लिहायचं. ते कारण कुणी तपासत नाही. बातमीतली कोणती ओळ कुणी तपासत नाही — हे डेस्कवरच्या माणसाला वेगळं सांगावं लागतं का?

वितरणाच्या नव्या आवृत्तीची मुदत जवळ आली होती. मी पोटातली प्रत काढली, वितरणातली जोडली, आणि एक चाचणी पडली, म्हणजे नापास झाली. नेमकी ती — पहिला सर्व्हर गप्प, दुसऱ्याला विचारणं नाही. दुपारभरात कारण सापडलं. मी जोडलेली प्रत जुनी होती, 'वेळ संपली' हा इशारा ती देतच नव्हती, म्हणून लायब्ररी पहिल्या सर्व्हरचीच वाट पाहत राहायची. मूळ लेखकांची चूक नव्हती. माझ्या जोडणीची होती. दुरुस्त करत बसलो असतो तर ती आवृत्ती हुकली असती. आणि मला ती हवी होती. का? त्या आवृत्तीसोबत पॅकेज बांधणाऱ्यांची यादी निघते, तीत इचोड्याचा माणूस दिसावा म्हणून. एवढंच.

त्या चाचणीला इंटरनेट लागत नव्हतं. तिचे दोन्ही सर्व्हर नकली, यंत्राच्या आतच उभे केलेले. तरी मी तिला नेट लागणाऱ्या चाचण्यांच्या रांगेत बसवलं आणि तेच कारण लिहिलं. आमच्याकडे 'नेट गेलं' म्हटल्यावर पुढचा प्रश्न येत नाही. पॅकेज तपासणाऱ्यांनाही माझी सवय झाली होती — याआधी मी हे कारण दिलं, तेव्हा ते खरं होतं.

पॅकेज स्वीकारलं गेलं. हायवेवरच्या ढाब्यावर मी सगळ्या डेस्कला जेवू घातलं. तो आनंद खोटा होता असं म्हणू का? नव्हता. मी खरोखर खूश होतो.

वंदना माझ्या काकांची मुलगी. मंचेरियलला कोळशाचे ट्रक चालवणाऱ्या एका खासगी कंपनीत प्रोग्रॅमर, तेव्हा प्रोबेशनवर. ट्रकांचे गेटपास काढणारा प्रोग्रॅम तिनं माझ्याच सांगण्यावरून या लायब्ररीवर बांधला. एका सकाळी तिथला पहिला सर्व्हर गप्प झाला. पडदा गोठला, ट्रकांची रांग लागली. एक ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मॅडम, मशीन को भी चाय पिला दो." असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. साहेबांनी तिला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत नीट झालं नाही तर पुढच्या महिन्यात येऊ नका.

तिनं मला फोन केला.

"दादा, आठ दिवसापासून माहाच कोड चाळून राह्यली. तुह्या पॅकेजात तर काही नसंल ना?"

"चाचण्या पास हायेत," मी म्हणालो. "तुह्याकडलं नेट पाय."

"नेट तर हाये ना, दादा. मंग काऊन अटकते?"

पान छपाईला सोडायचं आहे असं सांगून मी फोन ठेवला. पान सोडून झालं होतं.

नोकरी तिची जात होती. उत्तर माझ्याकडे होतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशीची पानं लावली.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि आपला अर्धा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. तरी पडदा गोठला. मग तिनं माझं पॅकेज उघडलं, आणि वगळलेल्या चाचण्या नेट चालू ठेवून एकेक करून चालवल्या. बाकी सगळ्या पास झाल्या. एक पडली. तिथून पुढे तिला कुणाची गरज लागली नाही. दुरुस्ती तिनं स्वतः लिहिली आणि मला पाठवली. मी चालवून पाहिली — पहिला सर्व्हर गप्प, दुसऱ्याचं उत्तर हजर. इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलं आहे. नवं पॅकेज दोघांच्या नावानं गेलं. मंचेरियलची रांग हलली, वंदना नोकरीत कायम झाली.

त्या हिवाळ्यात बाजारहत्नूरला काकांच्या शेतात आम्ही सगळे हुरडा खायला जमलो. वंदनानं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "दादाच्या नजरेतून एक सुटलं असंल. पन आमच्या दादाचं काम साफ रायते."

"पेपरवाला अन् साफ?" काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि गरम कणसं हातावर चोळत राहिलो.

पॅकेज आज उत्तम चालतं. ते आता वंदना सांभाळते, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांभाळते. त्यात जे यश आलं ते तिचं आहे. निम्मं नाही, पूर्ण. माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. 'नेट लागतं' ही ओळ मी लिहिली तेव्हा चाचणी माझ्यासमोर, माझ्याच संगणकावर नापास झालेली होती — आणि नेट चालू होतं.