मागचं डावं दार

आमच्याकडे उन्हाळा माणसांना खातो आणि हिवाळा मोटारींना. हे कोणाला पटत नाही. वऱ्हाडातल्या उन्हाची कीर्तीच एवढी मोठी, की थंडीकडे कोणी लक्ष देत नाही. पण पहाटे दव पडतं, दवावर धूळ बसते आणि दुपारी बाराच्या उन्हात तो चिखल रंगावर भाजून निघतो. काळी कुळकुळीत मोटार संक्रांतीपर्यंत राखेसारखी दिसायला लागते. म्हणून दिवाळी संपली की रंगावर मेण चढवायचं, नाहीतर मोटार विकून बैलगाडी घ्यायची.

हे मी अकोल्यात एका उस्तादांकडे शिकलो. त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना एका जिनिंग फॅक्टरीच्या पाठीमागे होता. हिवाळा म्हणजे कापसाचा हंगाम, त्यामुळे हवेत सारखी रुई उडत असायची. मेण ओलं असताना रुई बसली की मोटार चार दिवस दाढी न केलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते. पहिल्यांदा माझ्याकडून तसं झालं तेव्हा उस्तादांनी मानगूट धरून माझं नाक बॉनेटवर घासलं आणि एकेक तंतू नखानं काढायला लावला. त्या वेळी मी बावीस वर्षांचा बाप्या होतो, लग्न झालेला. पण शिकवलं मात्र त्यांनी मनापासून. आधी रंगावरची मेलेली साय रबिंगच्या खरखरीत लेपानं घासून काढायची, मग सावलीत उभं राहून मलमलीच्या चिंधीनं मेण लावायचं, वाळलं की पुसायचं, असं तीनदा. शेवटी ओंजळभर पाणी टाकून बघायचं. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर काम झालं. उस्ताद म्हणायचे, "पानी ठहरा, तो समझ तेरा काम नहीं ठहरा."

पुढे मी अमरावतीला एका बागाईतदारांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. शेंदूरजनाघाटाकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या आणि अमरावतीत मोठं घर. आम्हाला धर्म बदलून तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरातले देव नदीत सोडले होते, गावकीची कामं सोडली होती, गावही सोडलं होतं. मालकांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी मला घेतलं ते माझ्या पॉलिशसाठी, आणि मी गेलो तो त्यांच्या शब्दासाठी. मला सरकारी गाडीवर जायचं होतं. सरकारी नोकरी म्हणजे राहायला क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन, आणि कोणाची मर्जी फिरली म्हणून चूल विझत नाही. मुलगी चार वर्षांची होती, तिला शहरातल्या शाळेत घालायचं होतं. मालक म्हणाले, "दोन वर्षं नीट काम कर. साहेब लोकायत माह्यं उठणं-बसणं हाये. मी शब्द टाकतो."

मालक माणूस सुधारलेला होता. जातिभेदावर भाषण करायला त्यांना लोक बोलवायचे आणि ते बोलायचेही छान, ऐकताना माझेच डोळे भरून यायचे. घरात मात्र त्यांच्या आईचं राज्य होतं. आईसाहेबांचं वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काडी, आवाज लोखंडी. त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. मोटारीशी बोलायच्या. "मोटारीले म्हणा हळू चाल," "मोटार आज अंबादेवीले जाईन." मी समोर उभा असायचो आणि मोटारीच्या वतीनं मान हलवायचो.

देवळात जायच्या आधी त्या तांब्याच्या गडूत तुळशीचं पान बुडवून मोटारीवर पाणी शिंपायच्या. मागचं डावं दार, त्याची मूठ आणि बसायची गादी, एवढ्यावरच. बाकीच्या मोटारीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माझ्या हातचा ब्रेक त्यांना चालत होता. माझ्या हातचं स्टिअरिंग चालत होतं. चाळीसच्या वेगानं त्यांचा जीव माझ्या मुठीत असायचा, तो चालत होता. माझा हात लागलेली दाराची मूठ मात्र चालत नव्हती. मी पहिल्या दिवशी बघितलं आणि मोटार सुरू केली. मालक पोर्चमध्ये उभे होते. ते वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे डोळ्यांसमोर धरून होते.

दिवाळीपर्यंत हे सुरळीत चाललं, कारण मोटार मळकी होती. मळक्या रंगावर पाणी पसरतं, खाली ओघळ उतरतो, डाग राहतो. आईसाहेबांना डाग दिसला की समाधान व्हायचं. दिवाळीनंतर मी चार दिवस खपून तिन्ही थर चढवले. मोटारीत तोंड बघून भांग पाडावा असं काम उतरलं. दुसऱ्या दिवशी आईसाहेबांनी पाणी शिंपलं, त्याचे मणी झाले आणि टपाटपा फरशीवर पडले. दार कोरडं ठणठणीत. त्यांनी पुन्हा शिंपलं. पुन्हा तेच.

"पाणी लागूनच नाई रायलं," त्या मालकांना म्हणाल्या. "लागलंच नाई तं शुद्ध कसं होईन?"

मला मनातून हसू आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, याची कल्पना नव्हती.

मालक संध्याकाळी माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आजही आठवतो, कारण ज्याला गळा दाबायचा नसतो पण दाबावा लागणार असतो, तो असाच आधी खांद्यावर हात ठेवतो. म्हणाले, "माह्या मनात काई नाई, गड्या. तुले माईत हाये. पण या वयात मायचं मन कसं मोडू? तेवढ्या दाराचं मेण काढून टाक."

"मालक, रंग जाईन त्या दाराचा."

"जाऊ दे. दारच तं हाये."

मी रॉकेल आणि धुण्याचा सोडा घेतला आणि माझ्याच हातानं माझंच काम पुसलं. सोड्यानं बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. सकाळी आईसाहेबांनी पाणी शिंपलं, ते दारावर नीट पसरलं. त्या मोटारीला म्हणाल्या, "आता कशी शहाणी झाली."

घरी हे मी सांगायला नको होतं. बायको भाकरी थापत होती, ती थांबली. "गावचं सारं सोडून आलो," ती म्हणाली. "अन् तू इथं येऊन तेच करून रायला. धर्म बदलला, हात नाई बदलला तुहा." मी तिच्यावर ओरडलो, ताट सरकवून उठलो. ती खरं बोलली होती म्हणूनच ओरडलो. खोटं बोलली असती तर हसून सोडून दिलं असतं.

असे दोन हिवाळे गेले. सगळी मोटार आरशासारखी आणि मागचं एक दार पांढुरकं, खडू फासल्यासारखं. बाहेरगावचे पाहुणे आणायला बडनेऱ्याच्या स्टेशनवर जावं लागायचं. तिथले टांगेवाले मोटार दिसली की सुरू व्हायचे. "काहून गा, एक दार उसनं आणलं का?" "मेण सरलं का तुह्या मालकाचं?" मी काय सांगणार? खरं सांगितलं तर मालकांच्या घराची लाज जाते, आणि त्या घरावर माझ्या नोकरीचा शब्द टांगलेला. मालकांना त्यांचे मित्र विचारायचे तेव्हा तेही हसायचे. एकदा माझ्या देखत ते म्हणाले, "आमचा डायवर इसराळू हाये. एक बाजू इसरूनच जाते." मित्र हसले. मला कोणी चोर म्हणालं असतं तर एवढं लागलं नसतं. माझ्याजवळ दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, हातातलं काम, आणि ती गावभर अशी अर्धवट फिरत होती.

मग महाराष्ट्र झाला आणि पुण्याकडचे साहेब लोक बदलून यायला लागले. त्यातल्या एका मोठ्या साहेबांना ड्रायव्हर हवा होता, गाडीचा रंग सांभाळणारा. मालकांनी शब्द टाकला. खोटं कशाला बोलू, टाकला त्यांनी. साहेब म्हणाले, आधी त्याचं काम बघतो. पौषातल्या एका रविवारी सकाळी ते चहाला येणार असं ठरलं.

मालकांनी मला बजावलं, "मोटार डाव्या अंगानं भितीले लावून ठेव. साहेबाले थे दार दिसलं नाई पायजे. आईले मी सांगतो, देवळात उशिरा जा म्हणून."

मी हो म्हटलं. शनिवारी दुपारी आईसाहेब झोपल्या होत्या आणि मालक कोर्टाच्या कामाला गेले होते. मी मोटार चिंचेखाली घेतली. त्या दाराची मेलेली साय रबिंगनं कापून काढली. आतून काळा रंग वर आला तेव्हा मला गहिवरून आलं. मग एक थर, दुसरा, तिसरा. संध्याकाळी ओंजळभर पाणी टाकून बघितलं. आणि रविवारी सकाळी मोटार पोर्चमध्ये लावली ती डावं अंग ओसरीकडे करून.

हे मी नुसतं कामाच्या इभ्रतीसाठी केलं असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण मला ती म्हातारी तोंडावर पडलेली बघायची होती. परक्या माणसासमोर. मालकांनी आईला उशिरा जायला सांगितलं असेल, पण ती बाई कोणाचं ऐकून उशिरा जाणारी नव्हती, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

साहेब ओसरीवर चहा घेत होते. मालकांनी डावं दार बघितलं, आधी गोंधळले, मग त्यांना ते चकचकीत दिसलं आणि जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आईसाहेब गडू घेऊन बाहेर आल्या. अनवाणी. फरशी बर्फासारखी गार होती. त्यांनी पान बुडवून शिंपलं. मणी घरंगळले. पुन्हा शिंपलं. मग त्यांनी गडूच दारावर ओतला. पाणी सगळंच्या सगळं त्यांच्या पायांवर आलं. त्यांनी आतून दुसरा गडू मागवला, तोही ओतला, आणि पदरानं दार घासायला लागल्या, पाणी कुठेतरी धरावं म्हणून. घासल्यानं मेण आणखीच चमकलं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं, हनुवटी थडथडत होती. कोणी पुढे झालं नाही. मालक बशीत बघत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

"काहून रे? काय केलं तू?"

"काई नाई, आईसाहेब," मी म्हणालो. "माह्यं काम केलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थंडीनं की कशानं, मी विचार केला नाही. मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही. सत्तरीची बाई माझ्यासमोर कुडकुडत रडत होती आणि मला वाटत होतं, अजून एक गडू मागव. त्या तशाच ओल्या पायांनी आत गेल्या. त्या दिवशी देवळात गेल्या नाहीत.

साहेब उठले. न विचारताच त्यांना सगळं कळलेलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. दारापाशी आले, बोटाचं पेर रंगावरून फिरवलं, वाकून तिरप्या उजेडात पाहिलं. "असं काम मी पुण्यातसुद्धा पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही कुठं शिकलात?"

मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला साहेब. मी अकोल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या ऑफिसात या. अर्ज लिहून घेऊ." मालकांकडे वळून म्हणाले, "माणूस आम्ही नेतो हं तुमचा." मालक मान खाली घालून 'हो' म्हणाले. त्या घरात त्यांना मान खाली घातलेलं मी तेव्हाच पाहिलं, आणि ती मी घालायला लावली होती.

मी साहेबांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. छाती भरून आली होती. बायकोला काय काय आणि कोणत्या क्रमानं सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. फाटकाशी साहेब थांबले. टायरातल्या हवेबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात, अगदी सभ्यपणे ते म्हणाले, "एक आहे. आमच्याकडं मंडळी जरा सोवळ्यातल्या आहेत. गाडीत त्या कोणत्या बाजूला बसतात ते विचारून तुम्हाला कळवतो. तेवढं एक दार कोरं ठेवत चला."

माघारी वळून मालकांकडे जाणं आता शक्य नव्हतं. मुलीचं शाळेचं वय झालं होतं.

"बरं साहेब," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ज लिहून झाल्यावर शिपाई निरोप घेऊन आला. उजवं.