मामांचा जिताडा, माझी थाप

चहा लगेच संपवू नका, माझी अब्रू कशी गेली ते ऐकून होईपर्यंत तो पुरायला हवा. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी पनवेलच्या वाचनालयाचा हॉल खचाखच भरला होता आणि मी माझी कथा वाचणार होतो.

कथा सांगणारा एक थापाड्या. तो गोष्ट सांगतो, पण त्याच्या बोलण्यावरूनच वाचकानं ओळखायचं, की गडी फेकतोय. त्याला मी एक झकास पालुपदही दिलं होतं.

हा माणूस आणला कुठून? कोन गावच्या माझ्या मामांवरून! मे महिन्यात आम्ही भाचरं त्यांच्या ओटीवर जमायचो आणि मामा खाडीत धरलेल्या जिताड्याची गोष्ट सांगायचे. मासा दरवर्षी वाढायचा. आधी हाताएवढा होता, मी दहावीला जाईपर्यंत तो होडी ओढायला लागला. आता ओटीसमोर टॉवर उभे आहेत, पण ती गोष्ट आठवली की अजून मामीच्या कालवणाचा वास येतो. आजोळ म्हणावं असं तेवढंच घर उरलंय मला. मामा दुखावले तर तेही गेलं.

वाचायला उभा राहिलो आणि दारातून मामा-मामी आत! बायकोनं हौसेनं बोलावलेलं. पुढच्या तीन रांगा रिकाम्याच होत्या, तिथे ऐसपैस बसले.

खोटं कशाला बोलू, मी अजिबात घाबरलो नाही. फक्त वाचता वाचता जिताड्याचा बोंबील केला, खाडीची विहीर केली आणि मामाचा प्राध्यापक केला. आता विहिरीतला बोंबील प्राध्यापकाची होडी ओढतोय! लोक हसून लोळले. सगळ्यात जास्त मामा.

वाचन संपल्यावर ते जवळ आले.

"भाच्या, बेस लिवलंस. तो थापाड्या कोन हाय, मी लगेच वलखला."

रागावलात का, असं मी कसंबसं विचारलं.

"मी कशाला रागावू? सोताचीच मस्करी करायला मोठा कालीज लागतं. दर वाक्याला 'खोटं कशाला बोलू' बोलनारा आपल्या घरान तुज्याशिवाय दुसरा कोन हाय?"

"मामा, खोटं कशाला बोलू, ती माझ्यावरून नाही लिहिली!"

मामांनी मामीकडे पाहिलं. मामी आधीच पदराआड हसत होती.