म्हणजेकाका

बायबलातल्या प्रेमगीताला इतकं घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही! सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले आमचे काका दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी ख्रिस्ती घरांची रविवारची प्रार्थनासभा आपल्या घरी भरवत. सोसायटी एवढी नवी, की लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता. चार जिने चढून आम्ही धापा टाकत बसलो, की काका वाचायला लागत. प्रियकरानं प्रियेचे केस, दात वाखाणले रे वाखाणले, की काकांचं बोट वर! "म्हणजे, वर हा प्रभू आणि वधू ही मंडळी, आपलं चर्च. पुढे." ओठांचा उल्लेख आला तर दोन बोटं. म्हणून ते म्हणजेकाका.

मी तेव्हा गुडगावात नव्यानं नोकरीला लागलेला, आगाऊ. विचारलं, "काका, मग मंडळीला दात कशाला?"

"मंडळीला दातच असतात, बेटा. कमिटीत बसून बघ."

सगळे हसले, काकू जरा जास्तच. चाळीस वर्षांच्या संसारात काकांची गाडी 'अगं'च्या पुढे सरकली नव्हती. चहा देताना काकू मला हळूच म्हणाल्या, "दर रविवारी एवढं प्रेम वाचतात. पण माझ्यापर्यंत पोचायच्या आत त्याचा अर्थ लागतो."

मग काकूंना कॅन्सर निघाला. उपचार थांबले आणि त्या घरी आल्या. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर काकू पडल्यापडल्या सांगत होत्या, "ते गाणं वाचा ना. आज मंडळी नको. मला वाचा."

काकांनी चष्मा लावला. दोन ओळी नीट गेल्या. मग बोट आपोआप वर गेलं. "म्हणजे..."

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "राहू द्या. नाही जमायचं तुम्हाला."

काका स्वयंपाकघरात गेले आणि रिकामा ओटा पुसत राहिले.

दोन दिवसांनी काकूंची शुद्ध हरपली. मी पोचलो तेव्हा काका त्यांच्या उशाशी बसून वाचत होते. केस, डोळे, गळा, सगळं, कशाचाही अर्थ न सांगता. डोक्यावरून विमान गेलं की थांबत, आणि बुडालेली ओळ पुन्हा वाचत. शेवटी माझ्याकडे वळले.

"ऐकलं असेल का रे तिनं?"

एरवी मला गप्प करायला चार माणसं लागतात. मी नुसतं "हो" म्हणालो.

काकांनी माझा चेहरा निरखून पाहिला, आणि पानं उलटत पुन्हा पहिल्या ओळीवर आले.