डुकरिणीचा चीक

वडवणीच्या रस्त्याला आमचं शेत आहे. शेळ्या कमी करून मी आणि नवऱ्यानं तिथं पांढरी डुकरं पाळायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, मी त्या शेडकडं फिरकणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य शेळ्यांत गेलेलं. डुकरांचा वाससुद्धा त्यांना सोसत नसे.

पहिल्याच वेतात घात झाला. पिलं जन्मली ती चांगली गुबगुबीत, पण हगवण लागून एकेक मलूल होत गेलं. वाचलं ते एकच. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नमुना घेऊन प्रयोगशाळेला पाठवला. तिकडून कळलं, की पिलांच्या आतड्याला चिकटून बसणारा हा एक जिवाणू आहे आणि त्यावर लस निघालेली आहे. ती पिलांना नाही, गाभण डुकरिणीला टोचायची.

डुकरीण पुन्हा गाभण राहिली. लस टोचायच्या दिवशी सासूबाई शेडबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. लशीत तेच जंतू असतात, पण मारलेले, हे ऐकल्यावर त्यांना राहवलं नाही.

"मेलेले जंतू टोचून काय व्हनार हाय, बाई?"

"डुकरिणीच्या अंगाला त्यांची ओळख पटते, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तिच्या चिकातून पिलांना ताकद मिळते. फक्त जन्मल्याबरोबर चीक पोटात गेला पाहिजे."

पिलं खायला लागली की खाद्यात मिसळा म्हणून त्यांनी एक पावडरही दिली. तिच्यात चांगले जिवाणू होते, पोटात जागा धरून वाईटांना टिकू न देणारे. दह्यात असतात त्यांचेच भाऊबंद, असं त्यांनी समजावलं.

डुकरीण व्याली तेव्हा नवरा बाजाराला गेलेला. पिलं पुसून सडाला लावताना माझी एकटीची धांदल उडाली. शेवटचं पिलू फार बारकं होतं. बाकीची त्याला ढकलून देत होती. तेवढ्यात सासूबाई पदर खोचून आत आल्या. करडू लावावं तसं त्यांनी ते पिलू सडाला लावलं आणि धरून बसल्या.

"चीक पोटात गेला न्हाई तर लस वायाच जायची," एवढंच त्या म्हणाल्या.

एक पिलू आईखाली चेंगरलं, बाकीची सगळी जगली. ते बारकंसुद्धा. पावडर मिसळायचं काम पुढं सासूबाईंनीच घेतलं.

प्रयोगशाळेतली ती माणसं मी कधी पाहिली नाहीत. आमच्या पिलांच्या हगवणीत कुणीतरी मन लावून पाहिलं, त्यांचे उपकार मला वाटतात. डॉक्टरीणबाई आल्या, की सासूबाई त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत.