सुभेदाराच्या नख्या

घड्याळजींचं डोकं फार चालायचं, हीच त्यांची खोड. हात चालतच होते, डोकं जरा स्वस्थ बसलं असतं, तर या सुट्टीत त्यांच्या मागच्या अंगणात एक पोर महिनाभर हुंदडली असती. पण काही माणसांना चांगलं चाललेलं बघवत नाही, ती झाकण उघडून आत बघतातच.

माणूस तसा साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बसस्टँडसमोरच्या गल्लीत तीन हात रुंदीचं दुकान, काचेचं टेबल, उजव्या डोळ्याला भिंग. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मनगटं आणि भिंती वेळेवर आणल्या. दुकानात दोन घड्याळं एकमेकांपासून अर्ध्या मिनिटानं हटली तरी त्यांना खपत नसे. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी आधी ती जुळवणार, मग 'बोला' म्हणणार. बायको म्हणायची, उद्या सूर्य दोन मिनिटं उशिरा उगवला तर हे त्यालाही टेबलावर घेतील.

दुपारनंतर दुकान बंद, आणि मग घरामागचं अंगण. एक खुराडा, एक धुण्याचा दगड, सात कोंबड्या आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे त्यांचा कोंबडा. सहा वर्षांचा, तांबडाकाळा, चालीत रुबाब. कुंपणावर मांजर दिसलं की सातही कोंबड्या त्याच्या मागे जाऊन उभ्या राहत. माणसाच्या अंगावर तो जन्मात कधी गेला नाही.

लेक दुसऱ्या शहरात दिलेली, तिला सहा वर्षांची मुलगी. लेकीला लहानपणी शेजारच्या एका मारक्या कोंबड्यानं पोटरीवर फोडलं होतं, तेव्हापासून तिनं कोंबड्यांची धास्तीच घेतलेली. पोरीला ती कधी एकटं आजोळी ठेवत नसे. या वर्षी पहिल्यांदाच, बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर, महिनाभर पाठवते म्हणाली. घड्याळजी त्या दिवसापासून जमिनीवरून दोन बोटं वर चालत होते. नातीनं फोनवर फर्मान काढलं, "आबा, मला अंड्यातून पिल्लं बाहेर येताना बघायचीत." आबांनी शब्द देऊन टाकला.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. एकवीस दिवस झाले, बावीस झाले, आणि बाराची बारा अंडी कोरी निघाली. सुभेदार आता म्हातारा झाला होता, त्याच्याच्यानं काही व्हायचं नाही, हे बायकोनं एका वाक्यात सांगून टाकलं. सुट्टीला पाच आठवडे उरले होते.

घड्याळजींनी लेकीला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, एक तरणा कोंबडा आणावा म्हणतो, कसं? लेक लगेच म्हणाली, दुसरा कोंबडा आणलात तर मी तिला पाठवायची नाही. एका अंगणात दोन नर झाले की दोघंही मारके होतात. घड्याळजी म्हणाले, छे गं, नुसतं म्हटलं. आणि चौथ्या दिवशी टोपलीत झाकून घेऊन आले.

ज्या बाईकडून आणला तिनं बजावलं होतं. पहिले तीन आठवडे दोघांच्या मध्ये जाळी ठेवा, एकमेकांना बघू द्या. आणि याला पाठ दाखवू नका. घड्याळजी मान डोलवत होते आणि मनात दिवस मोजत होते. अंडी उबायला तीन आठवडे. उरले दोन. त्यातले तीन आठवडे जाळीला द्यायचे कुठून? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते असं.

पण दोघांना तसंच सोडलं तर सुभेदार त्या पोरगेल्याला फाडून काढणार. कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूनं शिंगासारखी टोकदार नखी असते. सुभेदाराच्या नख्या सहा वर्षांच्या, दोन बोटं लांब. नव्याच्या जेमतेम पेराएवढ्या. ही विषमता काही घड्याळजींना बघवेना. त्यांनी सुभेदाराला पिशवीत घालून दुकानात नेलं, टेबलावर आडवा धरला, भिंग लावलं आणि सगळ्यात बारीक कानस घेतली. अर्धा तास घासत होते. रक्त नाही की काही नाही, नख्यांची टोकं वाटाण्यासारखी गोल झाली. सुभेदारानं एकदाही पाय ओढला नाही. ज्यानं रोज दाणे घातले त्याचा हात होता ना तो.

"आता कसे दोघं बरोबरीला आले," घरी येऊन ते बायकोला म्हणाले.

बायको सुभेदाराच्या पायांकडे बघतच राहिली. "त्याच्याकडे होतं काय दुसरं?" ती म्हणाली.

दहा मिनिटांत निकाल लागला. सुभेदार हक्कानं पुढे आला, उडाला, छातीवर लाथ बसली, आणि घसरली. पुन्हा बसली, पुन्हा घसरली. नव्यानं अंदाज घेतला आणि मग तो थांबलाच नाही. सुभेदाराचा तुरा फाटला, एक डोळा सुजून बंद झाला. तो धुण्याच्या दगडामागे जाऊन बसला तो बसलाच. दाणे टाकले तरी येईना. संध्याकाळी सातही कोंबड्या नव्याच्या मागे उभ्या होत्या.

पुढे अंगणाची रीतच बदलली. नवा आरवायचा कमी आणि बघायचा जास्त. माणूस दारात आला की तो दाणे टिपायचं थांबवायचा, मान तिरकी करायचा आणि आडवा आडवा चालत जवळ यायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं घड्याळजींची चप्पल धरली. दुसऱ्या आठवड्यात बायको धुणं वाळत घालत असताना मागून येऊन तिची नडगी फोडली. ती बादलीचं झाकण ढालीसारखं पुढे धरून अंगणात जायला लागली. अहो, त्याच्या नख्या घासा आधी, ती रोज म्हणायची. घड्याळजी म्हणायचे, घासतो, पण आत्ता नको. कोंबडी अंड्यांवर बसलीये, पकडापकडीत ती उठली तर सगळं मुसळ केरात. पेराएवढ्या नख्यांनी काय होतंय? हात दाखवून अवलक्षण झालं होतं, पण कबूल कोण करणार?

पिल्लं मात्र ठरल्या दिवशी निघाली. आदल्या दिवशी जावयानं पोरीला स्टँडवर त्यांच्या हातात दिलं आणि त्याच गाडीनं परत गेला. पोरीनं सकाळी कवच फुटताना बघितलं, ओली पिल्लं बघितली, आणि आबांच्या गळ्यातच पडली. घड्याळजींना वाटलं, जिंकलो. त्याच आनंदात त्यांनी तिला शिकवून ठेवलं, दोन कोंबडे आहेत हे आईला सांगायचं नाही हं, आपली गंमत. रोज संध्याकाळी फोनवर आई विचारायची, कोंबडा एकच आहे ना? पोर आबांकडे बघून डोळे मिचकावायची आणि म्हणायची, एकच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पोर अंगणात असली की घड्याळजी हातात काठी घेऊन स्टुलावर बसत. डोळ्यांत तेल घालून. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पोर उकिडवी बसून पिल्लू तळहातावर घेऊन बघत होती. आबा, याच्या चोचीवर पांढरं काय आहे? घड्याळजींना उमाळा आला. भिंगातून दाखवतो म्हणाले आणि काठी स्टुलाला टेकवून आत गेले. भिंग खिडकीतच होतं. उंबरा ओलांडून परत यायला लागतो तेवढाच वेळ.

किंकाळी ऐकून ते धावले तेव्हा नवा पोरीच्या खांद्यावर होता. पंखांनी तिचं तोंड झाकून टाकलं होतं. आणि दगडामागून सुभेदार आला होता. पाच आठवडे तिथून न हललेला तो म्हातारा उडून उडून नव्याच्या पाठीत लाथा घालत होता. एकामागून एक, अगदी नेमावर, आणि एकही लागत नव्हती. घड्याळजींनी हातानंच नव्याला ओढून भिरकावलं. पोरीच्या डाव्या डोळ्याखालून रक्ताची धार लागली होती.

तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर असतं तर डोळा गेला असता. येताना रिक्षात घड्याळजींना सारख्या त्या लाथाच दिसत होत्या. आपल्या हातानं आपण काय करून ठेवलं, हे त्यांना पुरतं कळलं होतं. इतकं कळल्यावर तरी माणसानं गप्प बसावं.

घरी आल्यावर ते नातीसमोर गुडघ्यांवर बसले. तिचे दोन्ही हात धरले. "आईला कोंबड्याचं सांगू नकोस, राणी. पायरीवरून पडले म्हण. नाहीतर ती तुला परत इथं पाठवायची नाही."

पोरीनं पट्टी सावरत मान हलवली. संध्याकाळी फोनवर तिनं आईला सगळं सांगितलं. मागची पायरी ओली होती, चप्पल घसरली, कोपऱ्यावर गाल आपटला, आजीनं लगेच हळद दाबली. यातलं एक अक्षर आबांनी शिकवलं नव्हतं. ते शेजारी बसून ऐकत होते. बायको उठून आत निघून गेली.

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. पोरीला मांडीवर घेतलं, पट्टी बघितली, केस मागे सारले. मग हळूच म्हणाली, कशी पडलीस गं? पुन्हा सांग मला.

पोर आईकडे बघेना. तिनं आईच्या खांद्यावरून आबांकडे बघितलं आणि विचारलं, "आबा, आता खरं सांगू का?"

घड्याळजींना हो म्हणावं लागलं. मग पोरीनं खरं ते सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं, डोळे मिचकावण्यासकट. लेकीनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. उठून पोरीचे कपडे दोरीवरून काढायला लागली.

"मी आजच्या आज त्याला देऊन टाकतो," घड्याळजी तिच्या मागे मागे फिरत म्हणाले. "सुभेदार एकटाच राहील बघ, पहिल्यासारखा."

"एक ठेवा नाहीतर दहा ठेवा, बाबा," लेक म्हणाली. "खरं बोलायच्या आधी ती तुमच्या तोंडाकडे बघायला लागलीये. आता मी तिला इथं पाठवायची नाही."

आणि तिनं बॅगेची चेन लावली.