सुतळीने आखलेल्या दोन खोल्या

गडब गावातल्या आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवायचं ठरलं तेव्हा मी आधी पेणचा एक डिझायनर गाठला. त्याने लॅपटॉपवर घर गरागरा फिरवून दाखवलं. मधली भिंत पाडून मोठा हॉल, मागे माझ्या शिकवण्यांची खोली, न्हाणीघर घरातच. मी तर हरखून गेले. होकार देऊन टाकायचाच बाकी होता.

बाबांना काचबिंदूमुळे चार वर्षांपासून दिसत नाही. तरी घरात त्यांना काठी लागत नाही. मधल्या भिंतीला हात लावून कॉटपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पडवीपर्यंत बिनघोर फिरतात. ती भिंत गेली तर ते जागचे हलायचे नाहीत, हे माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यात आलंच नाही.

ते आलं रोह्याच्या एका बाईंच्या डोक्यात. त्याही घरांची डिझाइनं करतात. मैत्रिणीने फार भरीस घातलं म्हणून त्यांना बोलावलं होतं, नुसतं विचारून बघायला. बाईंनी चहा घेतला आणि मला सोडून बाबांनाच म्हणाल्या, घर तुम्ही दाखवा. मला वाटलं, यांच्या लक्षात आलं नाही की काय. पण बाबा उठले. बाईंनी डोळे मिटले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा घरभर फिरल्या. मी आपली दारात बघत उभी.

पुढच्या खेपेला त्यांनी कागद आणलाच नाही. खुंट आणले आणि सुतळीचं बंडल. परसात त्यांनी दोन्ही खोल्या खऱ्या मापाने आखल्या, कमरेच्या उंचीवर सुतळी ताणून. घरातली मधली भिंत त्या तशीच ठेवणार होत्या. नवी भिंत तिच्याच रेषेत पुढे नेली होती. बाबांना म्हणाल्या, आता चालून बघा.

बाबांची उभी हयात मिठागरात गेली. दोरी लावून मिठाचे वाफे आखायचे ते. हाताला सुतळी लागली आणि चालच बदलली त्यांची. एका कोपऱ्याशी थांबले. दोन्ही हात दोन बाजूंच्या सुतळ्यांवर ठेवून म्हणाले, "ह्यो कोपरा गुण्यात नाय."

बाईंनी टेप लावला. काटकोन खरंच चुकला होता, चांगला चार बोटं. त्यांनी तो खुंट उपटला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा गुडघ्यांवर बसले, माती चाचपली, सुतळी दोनदा ओढून पाहिली आणि खुंट ठोकला. बाईंनी पुन्हा मोजलं तर केसाचाही फरक नव्हता. ज्यांना मी रोज हाताला धरून उन्हात नेऊन बसवत होते, ते हेच का, असं झालं मला. आणि त्यांना असं उठवणाऱ्या बाईंचं तर काय सांगू, अप्रूप मनात मावेना. काम त्यांनाच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं.

मग बाईंनी बाबांना विचारलं, या खोलीत तुमची कॉट कुठे ठेवायची.

"माझी?" बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. "मला वाटलं गो, हे मी गेल्यावरचं घर हाय."

मी त्यांच्याजवळ मातीतच बसले. त्यांचा हात धरून सुतळीवर ठेवला आणि मीच पुन्हा विचारलं, सांगा ना बाबा, कॉट कुठे?