गुळाच्या दिवशीच्या सह्या

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी खात्यात कारकून होतो. आग लागली तर काय करायचं, गॅस सुटला तर मास्क लावून आत कसं शिरायचं, याचं प्रशिक्षण कामगारांना दर महिन्याला द्यायचं असा नियम होता. पण त्यासाठी मशीन थांबवायला कुणी तयार नसे. प्रशिक्षण झाल्याचं रजिस्टर मात्र मी न चुकता भरायचो, आणि माझ्या वळणदार अक्षराचा मला अभिमानही होता.

सह्या मिळवायची युक्ती माझीच. महिन्यातून एकदा कामगारांना साबण आणि गूळ वाटत. त्या दिवशी तापाने फणफणलेला माणूससुद्धा हजर व्हायचा. गूळ मिळाल्याच्या सहीच्या कागदाशेजारी मी प्रशिक्षणाचं रजिस्टर उघडून ठेवायचो. "इथं एक, इथं एक," एवढं म्हटलं की काम फत्ते. वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नसे. हजेरी इतकी भरगच्च दिसायची की तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.

तिथेच घात झाला. मॅनेजरसाहेबांनी रजिस्टर मागवलं आणि ज्यांची हजेरी पूर्ण, त्यांचं आपत्कालीन पथक करून टाकलं. यादी गेटवरच्या फळ्यावर लागली. त्यात तिसरं नाव माझ्या मेव्हण्याचं होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ मिठागर सोडून कंत्राटात लागला होता, तोही माझ्याच शब्दावर. कासूहून रोज गाडीने यायचा.

"मास्क लावता येतो का रे तुला?" मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"नाय. शिकवतील ना, भावजी?"

मी होकारार्थी मान हलवली. साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि वरसे गावात आमचं घर नुकतंच जोत्यापर्यंत आलं होतं. दर सोमवारी दहा वाजता धोक्याचा भोंगा तपासायला वाजवत. तो तपासणीचाच आहे हे ठाऊक असूनही मी खुर्चीतून उठून दाराशी जायचो. जेवण जाईना. बायको विचारायची, मी पित्तावर ढकलायचो.

एका गुरुवारी दुपारी भोंगा वाजला. ॲसिडच्या पाइपाचा जोड सुटला होता. मी धावत गेलो तर मेव्हणा पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून उभा, पट्टे उलटे, मास्क हातात.

"भावजी, हवा कुठनं चालू करायची?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या नावापुढे 'समाधानकारक' असं मी दर महिन्याला लिहीत आलो होतो. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने त्याच्या पाठीवरून सिलिंडर ओढून घेतला, स्वतः आत गेला आणि व्हॉल्व्ह बंद करून आला. कुणाला काही झालं नाही. मी भिंतीला टेकून देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. जबाब लिहून घ्यायला मीच बसलो होतो. प्रशिक्षित माणूस ऐन वेळी आत का गेला नाही, एवढाच साहेबांचा प्रश्न होता. त्यांनी रजिस्टर समोर उभ्या मेव्हण्यापुढे सरकवलं. त्याने सह्या पाहिल्या, पानं मागे उलटली, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं.

"सही माझीच हाय, सायेब," तो म्हणाला. "मी घाबरलो."

"प्रशिक्षण झालं होतं ना?" साहेबांनी मला विचारलं.

"हो, सर," मी म्हणालो. ते दोन शब्द बोलताना मला जी लाज वाटली, तशी आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. पण बोललो.

त्याला कामावरून काढलं. गेटपास जमा करायला तो माझ्याच टेबलाशी आला.

"ताईला यातलं काय सांगू नका, भावजी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मीच काम सोडला म्हणून सांगा."

संध्याकाळी घरी जाऊन मी तसंच सांगितलं.